नोकरी सांभाळून फॅब्रिकेशनचा धंदा: पहिल्या रॉडपासून स्वतःच्या शेडपर्यंत

आमच्या शेडवर महिन्यातून एक-दोन तरी पोरं येतात. "मिस्त्री, वेल्डिंगचा धंदा टाकायचाय, मशीन कुठलं घेऊ?" मशीनचा प्रश्न चौथा आहे. त्याच्या आधीचे तीन प्रश्न (शिकायचं कुठे, हात कसा बसवायचा, आधी नोकरी का) कुणी विचारत नाही, म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

मी हातकणंगले तालुक्यातल्या गावचा. आयटीआय झाल्यावर शिरोली एमआयडीसीत नोकरीला लागलो. पुढे काही वर्षं कंपनीतून सुटल्यावर आणि रविवारी गावात ग्रिल-गेटची कामं केली, मग स्वतःची शेड टाकली. या काळात एक गोष्ट पक्की कळली. फॅब्रिकेशनमध्ये, म्हणजे लोखंड कापून-जोडून वस्तू बनवण्याच्या धंद्यात, पैसा मिळतो किंवा बुडतो तो आर्क (वेल्डिंगची ठिणगी) पेटायच्या आधी: माप घेताना, पाइप कापायची यादी करताना, दर सांगताना. वेल्डिंग चांगलं हवंच, पण चांगलं वेल्डिंग करणारे आणि तरी कर्जात असलेले मिस्त्री मी बरेच पाहिलेत.

१. शिकायचं कुठे

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पास चालतं. फिटरला दहावी लागते. दहावीत अडकलेल्या कितीतरी मुलांना हे माहीत नसतं आणि ती वर्षं घालवतात. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या म्हणजे डीव्हीईटीच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतो. एवढी कागदपत्रं आधीच काढून ठेवा:

- आठवी किंवा दहावीची गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास प्रमाणपत्र
- लागू असेल तर जातीचा दाखला
- आधार कार्ड आणि आधारला जोडलेलं बँक खातं

आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिप सोडू नका. स्टायपेंड कमी असतो, घरचे कुरकुरतात, पण त्या काळात मशीन कंपनीचं, रॉड कंपनीचा, पत्रा कंपनीचा आणि तयार होतो तो तुमचा हात.

आयटीआय जमत नसेल तर एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली लागा. काम उत्तम शिकाल. फक्त पुढे मोठ्या कंपनीत किंवा परदेशी जायचं झालं की सर्टिफिकेट मागतात आणि तिथे अडतं. पंधरा दिवसांत वेल्डर बनवतो म्हणणाऱ्या खासगी क्लासला पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: एका मुलाला किती किलो रॉड जाळायला देता? उत्तर गुळमुळीत आलं तर परत फिरा.

२. हात कसा बसवायचा

रॉड म्हणजे वितळून जोड भरणारी वेल्डिंगची काडी. सुरुवात ६०१३ प्रकारच्या रॉडने करा. ३.१५ मिमीच्या रॉडला दुकानात 'दहा नंबर' म्हणतात, २.५ मिमीच्या रॉडला 'बारा नंबर'. पाच-सहा मिमी जाडीची पट्टी घ्या, दहा नंबर रॉड लावा, मशीन ११० अँपिअरच्या आसपास ठेवा आणि नुसत्या सरळ रेघा मारा. रॉडचं टोक आणि पट्टी यांच्यातलं अंतर रॉडच्या जाडीएवढंच राहिलं पाहिजे. अंतर बरोबर असलं की कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा चर्र आवाज येतो. अंतर वाढलं की आवाज फडफडतो आणि थेंब आजूबाजूला उडतात. आधी कान तयार होतो, डोळा नंतर.

करंट, कोन आणि वेग जुळले की स्लॅगची, म्हणजे वेल्डवर जमणाऱ्या मळीची, खपली थंड होताना आपोआप उचलते, चिपिंग हातोडा नुसता टेकवला तरी पडते. खपली ठोकून ठोकून काढावी लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

आता एक प्रयोग, जो माझ्या उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात करायला लावला. दोन पट्ट्या टी-आकारात उभ्या करा आणि एकाच बाजूने वेल्ड मारा. थंड झाल्यावर शिकंजात (व्हाइसमध्ये) धरा आणि उभी पट्टी वेल्डच्या बाजूला वाकवत हातोड्याने फोडा. आत बघा. कोपऱ्यात पट्टीची मूळची धार जशीच्या तशी दिसली किंवा राखाडी स्लॅगची रेघ अडकलेली दिसली, तर तुमचं वेल्ड वरवर चिकटलं होतं. बाहेरून कितीही सुंदर दिसत असो. माझे पहिले वीसएक तुकडे असेच निघाले. हे तुकडे फोडून पाहिल्याशिवाय कुणाच्या घराला ग्रिल लावायची नाही, हा नियम मी अजून माझ्या हेल्परला लावतो.

जाड पट्टीवर हात बसला की पातळ पाइपवर या. ग्रिल-गेटचं जवळजवळ सगळं काम १८ आणि १६ गेजच्या, म्हणजे साधारण १.२ आणि १.६ मिमीच्या पाइपचं असतं. तिथे बारा नंबर रॉड, करंट ५५ ते ७० अँपिअर आणि सलग न मारता तोडून तोडून टाके. सलग माराल तर भोक पडणार. भोक बुजवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन जॉइंट होतात.

सपाट झाल्यावर आडवं, मग उभं, मग डोक्यावरचं वेल्डिंग. कंपनीच्या भाषेत १जी, २जी, ३जी, ४जी. पाइप ४५ अंशांत पक्का धरून, तो न फिरवता चारी बाजूंनी वेल्ड करणं म्हणजे ६जी. ६जी पास झालेल्याला बाकीच्या बहुतेक पोझिशन जमतात, म्हणून त्याचा भाव वेगळा.

३. आधी दोन-तीन वर्षं नोकरी

थेट धंद्यात उडी मारू नका. नोकरीत ज्या गोष्टी शिकता येतात त्या गावच्या शेडवर शिकता येत नाहीत: ड्रॉइंग वाचणं, जिग (तुकडे ठरलेल्या जागी धरणारा साचा) लावणं, सीओटू म्हणजे मिग वेल्डिंग, आर्गन म्हणजे टिग वेल्डिंग, तपासणीसमोर उभं राहणं. कामाला लागलात की सुपरवायझरच्या मागे लागून वेगवेगळ्या प्रोसेसवर हात मारून घ्या. एकाच जिगवर तीन वर्षं तोच ब्रॅकेट मारत राहिलात तर पगार मिळेल, कारागिरी मिळणार नाही.

प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणाऱ्या टाक्या) आणि पाइपिंगच्या कंपन्यांत एएसएमई सेक्शन नाइन या अमेरिकन नियमावलीप्रमाणे वेल्डरची चाचणी होते. हे लक्षात ठेवा: त्या प्रोसेसवरच्या कामात सलग सहा महिने खंड पडला तर ती पात्रता संपते. म्हणून कंपनी बदलताना चाचणीच्या कागदाची प्रत आणि अनुभवाचं पत्र मागून घ्या. बॉयलरच्या कामाला आयबीआरचं (भारतीय बॉयलर नियमांचं) वेगळं सर्टिफिकेट लागतं, ते राज्याच्या बाष्पके खात्याच्या परीक्षेतून मिळतं.

आमच्या भागात साखर कारखाने ही वेल्डरची मोठी शाळा आहे. गाळप संपलं की पावसाळाभर दुरुस्ती चालते, पाइपलाइन, टाक्या, कन्व्हेअर सगळं उघडलेलं असतं. आणि हंगामात रोलरचं आर्किंग. ऊस घसरू नये म्हणून मिलच्या रोलरच्या दातांवर वेल्डचे खडबडीत ठिपके चढवतात, तेही रोलर फिरत असताना. ते काम करणाऱ्याचा हात बघण्यासारखा असतो. पण नवख्याने तिथे लांबून बघायचं, जवळ जायचं नाही.

आखाती देशांत जायचं असेल तर एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतं आणि एमिग्रेशनची, म्हणजे देशाबाहेर कामाला जाण्याची, मंजुरी घ्यावीच लागते. व्हिजिट व्हिसावर आधी पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून देतो म्हणणाऱ्याच्या हातात पासपोर्ट देऊ नका.

आणखी दोन गोष्टी. तुमच्या नेमणूकपत्रात इतर धंदा न करण्याची अट आहे का ते वाचा आणि असेल तर वरिष्ठांशी बोलून घ्या. आणि कंपनीतला अर्धा पॅकेट रॉड किंवा एक कटिंग व्हील, काहीही घरी आणायचं नाही. त्यापायी नोकरी गेलेली पोरं माझ्या ओळखीत आहेत.

४. साधनं: काय घ्यायचं, काय थांबवायचं

सुरुवातीला एवढं पुरतं:

- सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क मशीन
- चार इंची ग्राइंडर दोन: एकाला कटिंग व्हील, एकाला ग्राइंडिंग व्हील, म्हणजे सारखं बदलत बसावं लागत नाही
- १४ इंची चॉप सॉ (पाइप कापायचं मशीन)
- ड्रिल मशीन
- गुण्या, टेप, ओळंबा, लेव्हल, खडू, दोरी
- सी-क्लॅम्प निदान सहा
- चिपिंग हातोडा, वायर ब्रश, कानस, पंच
- मशीनला वीज द्यायला तांब्याची चार चौरस मिलिमीटरची लांब केबल
- हेल्मेट, चामडी हातमोजे, एप्रन, बूट, ग्राइंडिंगचा पांढरा चष्मा

मशीन घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका, ड्यूटी सायकल विचारा. २०० अँपिअरला ६० टक्के याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं त्या करंटवर चालेल, चार मिनिटं विश्रांती लागेल. स्वस्त मशीनवर आकडा मोठा छापलेला असतो आणि मे महिन्यात दुसऱ्या गेटलाच ते बंद पडतं. केबलचंही तसंच. साइटवर पातळ एक्स्टेन्शन बोर्डावर मशीन लावलं की व्होल्टेज पडतं, रॉड चिकटत राहतो आणि आपण मशीनला शिव्या देतो.

सीओटू मशीन, शिअरिंग, बेंडिंग, प्लाझ्मा हे सगळं पहिल्या वर्षी नको. पत्रा वाकवायचा असेल तर कोल्हापुरात उद्यमनगरात जॉबवर्क करून मिळतं. पैसे मशीनमध्ये अडकवण्यापेक्षा क्लॅम्पमध्ये घाला. नवीन माणूस क्लॅम्पला खर्च समजतो, पण क्लॅम्प म्हणजे पगार न घेणारा हेल्पर.

५. जीव आणि डोळे

हा भाग वाचायचा कंटाळा केलात तरी पुढचं एक वाक्य वाचा. डिझेल, थिनर, ऑइल किंवा रंगाचं रिकामं पिंप वेल्डिंगला किंवा कापायला कुणी आणलं तर नाही म्हणायचं. रिकामं दिसलं तरी आत वाफ असते, आणि बंद पिंपातली वाफ पेटली की झाकण बॉम्बसारखं उडतं. "धुऊन आणलंय" हे ऐकायचं नाही. टँकरला, गाडीच्या इंधनटाकीला हाच नियम.

डोळ्यांचं. आर्क उघड्या डोळ्यांनी पाहिला की त्या वेळी काही होत नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं आणि उघडता येत नाहीत. बटाट्याच्या चकत्या, दुधाच्या घड्या हे प्रकार आमच्याकडे सर्रास चालतात. त्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे जा. नेहमीच्या कामाला १० किंवा ११ नंबरची काच वापरा आणि टॅक (तुकडे जागेवर धरणारा छोटा टाका) मारतानासुद्धा हेल्मेट खाली घ्या. सगळ्यात जास्त आर्क त्या 'एकच टाका मारतो'च्या वेळी लागतो. ग्राहकाची लहान मुलं बघत उभी असतात, त्यांना आधी घरात पाठवा.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडाजवळचं जस्त घासून काढा, वारा पाठीमागून येईल असं उभं राहा, बंद खोलीत करू नका.

चार इंची ग्राइंडरचं गार्ड काढून पाच इंची व्हील बसवणं ही आपल्याकडची जुनी सवय. त्या व्हीलची वेगमर्यादा कमी असते आणि चार इंची ग्राइंडर त्याहून जोरात फिरू शकतो. फुटलेला तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही.

पावसाळ्यात ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी काम नको. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारा स्विच) लावा. अर्थिंगचा क्लॅम्प जॉबवर, म्हणजे वेल्ड करायच्या वस्तूवरच, जोडाच्या जवळ लावा. ट्रॅक्टर किंवा गाडीवर वेल्डिंग असेल तर आधी बॅटरीची वायर सोडवा. गॅस कटिंग करत असाल तर घरगुती लाल सिलिंडर वापरू नका, ते बेकायदा आहे. फ्लॅशबॅक अरेस्टर (आग नळीतून मागे जाऊ न देणारी झडप) लावा, आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लागू देऊ नका.

६. पहिली कामं आणि माप

सुरुवात छोट्या कामांनी करा: खिडकीची ग्रिल, तुळशीचं स्टँड, दुकानाचं रॅक, ट्रॉलीची दुरुस्ती, मग छोटं गेट. पाण्याच्या टाकीचं स्टँड, पोटमाळा, मोठ्या गाळ्याची शेड ही कामं इंजिनिअरचं ड्रॉइंग असल्याशिवाय घ्यायची नाहीत. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन कुणाच्या तरी डोक्यावर. शेडचं तर आमच्याकडे दर वर्षी दिसतं: वळवाचा वारा आला की ज्या शेडचे खांब नुसते मुरमात गाडलेले असतात तिचे पत्रे शेजारच्या रानात सापडतात. वारा शेडला नुसता दाबत नाही, उचलतोही. त्यासाठी पाया आणि अँकर बोल्ट लागतात, जाड पाइप नव्हे.

मापाबद्दल मी स्वतः फसलो ते सांगतो. माझं पहिलं गेट एका नव्या घराचं होतं. मी माप घेतलं, गेट केलं, रंगवलं, टांगलं, सुंदर फिरलं. पंधरा दिवसांनी मालकांचा फोन: "गेट उघडत नाही." जाऊन बघतो तर अंगणात फरशी बसली होती आणि जमीन दोन इंच वर आली होती. मी विचारलंच नव्हतं की फरशी व्हायची आहे का. गेट उतरवलं, खालून कापलं, परत वेल्ड केलं, परत रंग. चूक माझी, खर्च माझा. तेव्हापासून वहीत मापाच्या पानावर हे प्रश्न लिहिलेले असतात:

- फरशी, प्लास्टर झालंय की व्हायचंय?
- गेट आत उघडणार की बाहेर? त्या बाजूला चढ आहे का?
- दोन्ही खांब ओळंब्यात आहेत का? रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी किती?
- बिजागरं कुठल्या बाजूला? कुलूप आतून, बाहेरून की दोन्हीकडून?

रुंदीचं सगळ्यात कमी आलेलं माप धरायचं आणि त्यातून बिजागरं-कडीची जागा वजा करायची. उंचीत खाली निदान ४०-५० मिमी मोकळं ठेवायचं.

आता चौकट जुळवणं. समजा गेट १.२ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच आहे. चार तुकडे सपाट जागेवर मांडा, गुण्या लावा, चारही कोपऱ्यांना फक्त टॅक मारा. मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २१६३ मिमी आले पाहिजेत. एक २१६८ आणि दुसरा २१५८ आला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलकी ठोक द्या, परत मोजा. हे टॅकच्या वेळी दोन मिनिटांत होतं, पूर्ण वेल्ड झाल्यावर गॅस आणि घण लागतो.

कर्ण जुळले की पूर्ण वेल्ड करतानाही एका कोपऱ्यावरून सलग पुढे जाऊ नका. एक कोपरा, मग समोरचा तिरका, मग उरलेले दोन, आणि बाजू पलटून परत तसंच. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने सगळं मारलं की गेटचा पापड होतो.

७. कटिंगची यादी आणि दर

याच गेटचा हिशोब करू. चौकट आणि दोन आडवे: ४० बाय ४०, २ मिमी पाइप, एकूण ८.२ मीटर. उभे गज: २० बाय २०, १६ गेज, १.७२ मीटरचे दहा, म्हणजे १७.२ मीटर. खाली ०.६ मीटर उंचीपर्यंत १८ गेजचा पत्रा.

वजनाची सूत्रं पाठ करा. पत्रा: लांबी मीटर गुणिले रुंदी मीटर गुणिले जाडी मिमी गुणिले ७.८५. गोल बार: व्यास मिमीचा वर्ग भागिले १६२, उत्तर मीटरला किलो. चौकोनी पाइप: बाहेरच्या मापाचा वर्ग वजा आतल्या मापाचा वर्ग, गुणिले ०.००७८५.

४० बाय ४०ची पाइप मीटरला २.३९ किलो, ८.२ मीटरचे १९.६. २० बाय २०ची मीटरला ०.९२, १७.२ मीटरचे १५.८. पत्रा ६.८. गेट झालं साधारण ४२ किलो.

पण दुकानात तुम्ही ४२ किलो विकत घेत नाही. पाइप ६ मीटरच्या लांबीत येते. १.७२ मीटरचे तुकडे एका पाइपमधून तीनच निघतात आणि ८४ सेंटिमीटर उरतं. दहा गजांना चार पाइप लागल्या, म्हणजे २२ किलो. चौकटीला दोन पाइप, जवळपास २९ किलो. पत्रा आठ बाय चारचा अख्खा, २८ किलो. ४२ किलोच्या गेटसाठी दुकानातून ७९ किलो उचललं. उरलेलं वाया जात नाही, पुढच्या कामाला येतं, पण पैसे आज तुमच्या खिशातून गेले. नवीन माणसाचं भांडवल असं तुकड्यांत अडकतं आणि त्याला वाटतं धंदा चालत नाही. म्हणून बाजारात जाण्याआधी कागदावर प्रत्येक पाइपची आडवी रेघ मारा आणि तिच्यातून कुठला तुकडा कुठे निघेल ते लिहा. चॉप सॉचं व्हील प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर खातं, तेही धरा. छोटे तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवा आणि पुढची यादी करताना आधी तिथे बघा.

आता दर. आकडे हिशोब समजावा म्हणून धरतो, तुम्ही तुमच्या गावचे घाला. लोखंड ७० रुपये किलो आणि ४५ किलो (कापाकापीसह) धरलं तर ३१५० रुपये. बिजागरं, कडी, रॉड, व्हील, प्रायमर, रंग, वाहतूक ११००. तुमची दोन दिवसांची मजुरी दिवसाला १००० प्रमाणे आणि हेल्परची ६०० प्रमाणे, ३२००. वीज आणि मशीनची झीज ३५०. झाले ७८००. त्यावर २० टक्के नफा धरून ९३६०. स्वतःची मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुरी घर चालवते, नफ्यातून पुढचं मशीन येतं. दोन्ही एकच समजणारा माणूस दहा वर्षांनीही त्याच मशीनवर असतो.

आणि ॲडव्हान्स. निम्मे घेतले तर ४६८० येतात, पण दुकानात ७९ किलोचे ५५३० द्यायचे आहेत. म्हणून मी ६० टक्के घेतो, गेट टांगायच्या आधी ३० आणि टांगल्यावर १०. गाववाल्याकडे, पाहुण्याकडे मागायला जड जातं. तरी मागा. माझे पहिल्या दोन वर्षांतले बुडालेले पैसे सगळे ओळखीच्यांकडचे आहेत.

ग्राहक म्हणेल, "तो दुसरा मिस्त्री दोन हजारांनी कमी सांगतोय." त्याच्यावर चिडू नका. तुमच्या कोटेशनवर पाइपचा गेज लिहिलेला हवा. २० बाय २०ची पाइप १६ ऐवजी १८ गेजची लावली की मीटरला पाव किलोच्या आसपास लोखंड वाचतं, आणि रंग मारल्यावर कुणाला दिसत नाही. "त्यांच्याकडूनही गेज लिहून घ्या, मग ठरवा," एवढंच सांगायचं. निम्मे लोक परत येतात.

८. कागदपत्रं, मीटर, कर्ज

महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती बँकेला चालते. उद्यम नोंदणी आधारवरून होते आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी दिसणारी खोटी संकेतस्थळं त्यासाठी हजारो रुपये घेतात, तिथे फसू नका. जीएसटीची मर्यादा सेवांना वर्षाला २० लाख आणि नुसत्या मालाला ४० लाख आहे. आपलं गेट बसवून देण्याचं काम कशात मोडतं हे सीएकडून एकदा विचारून घ्या. कंपन्यांची कामं घ्यायची असतील तर त्या जीएसटी नंबर मागतातच.

घरच्या मीटरवर धंदा चालवू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी येते. महावितरणकडे औद्योगिक जोडणीचा अर्ज करा. जागा भाड्याची असेल तर करारनामा आणि मालकाचं संमतिपत्र लागतं, ते जागा ठरवतानाच बोलून घ्या. आवाज आणि ठिणग्यांमुळे शेजारी तक्रार करतात, म्हणून वस्तीच्या जरा कडेला जागा बघा, ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल एवढी.

कर्जासाठी मुद्राचा शिशु गट ५० हजारांपर्यंत आणि किशोर ५ लाखांपर्यंत. त्याहून मोठं काही उभारायचं असेल तर पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) किंवा राज्याची सीएमईजीपी (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम), त्यात अनुदान आहे, पण प्रकल्प अहवाल आणि वाट बघायची तयारी लागते. विश्वकर्मा योजनेच्या १८ कारागिरींत 'लोहार' आहे, 'वेल्डर' असं नाव नाही. पिढीजात लोहारकाम करणाऱ्या घरातल्यांनी ती जरूर बघावी. बँकेत जाताना मशीनची कोटेशन्स, सहा महिन्यांचं खात्याचं उतारापत्रक आणि आजवर केलेल्या कामांचे फोटो-बिलं घेऊन जा. माझ्या बँकेच्या मॅनेजरांनी सगळ्यात जास्त वेळ त्या फोटोंची फाईल चाळली होती.

९. नोकरी कधी सोडायची

धंदा जोरात आहे असं वाटण्यावर जाऊ नका. वही बघा. सलग बारा महिने, म्हणजे एक पूर्ण पावसाळा धरून, हातात उरलेली रक्कम पगाराएवढी आली का? पावसाळा महत्त्वाचा, कारण घरांची कामं दिवाळीनंतर ते मेपर्यंत असतात आणि जूनला अचानक थांबतात. रंगही वाळत नाही. मी त्या चार महिन्यांसाठी वेगळी कामं बांधून ठेवली आहेत: कारखान्याच्या दुरुस्तीच्या ठेकेदाराकडे हजेरीवर जाणं, ट्रॉल्या आणि नांगर-रोटाव्हेटरची दुरुस्ती, आणि सप्टेंबरपासून ऊसवाहतुकीच्या गाड्यांची जोडणी. पहिल्या ट्रॉल्या गणपती उठले की शेडसमोर लागतात. त्यांच्यासाठी जाड पट्टी आणि ७०१८ रॉड मी ऑगस्टमध्येच भरून ठेवतो, रॉड ओव्हनमध्ये किंवा निदान बंद डब्यात, कारण ओल लागलेल्या ७०१८चा वेल्ड ट्रॉलीच्या साट्याला पहिल्याच खेपेत तडकतो.